पाठीवरचा मान

अमेरिकेतील कॉलेज फुटबॉल नियमितपणे पाहणाऱ्याला एक गोष्ट लवकरच उमगते, ती म्हणजे या खेळात चेहऱ्यापेक्षा क्रमांकाची ओळख अधिक पक्की असते. डोक्यावर हेल्मेट, तोंडासमोर जाळी, खांद्यांवर जाडजूड पॅड, आणि नोत्र दाम किंवा सदर्न कॅलिफोर्नियासारख्या जुन्या वळणाच्या विद्यापीठांच्या जर्सीवर तर खेळाडूचे नावसुद्धा छापलेले नसते. मैदानावर एका वेळी बावीस जण एकमेकांवर आदळत असताना प्रेक्षक, समालोचक आणि पंच या सगळ्यांचा आधार तो पाठीवरचा आकडाच असतो. त्यामुळे एखाद्या खेळाडूचा सन्मान करायचा झाला, तर तो त्या आकड्याच्याच मार्गाने करावा, हे या खेळात आपसूक ठरून गेले आहे.

हा मार्ग मात्र एक नाही. काही विद्यापीठे थोर खेळाडूचा क्रमांक कायमचा निवृत्त करतात, म्हणजे त्याच्यानंतर तो कोणालाही मिळत नाही. काही विद्यापीठे याच्या नेमके उलटे करतात: क्रमांक चालता ठेवतात, परंतु दर हंगामात तो ज्याने कमावला आहे त्यालाच देतात. मला स्वतःला ही दुसरी रीत अधिक मोलाची वाटते. मात्र ती रुजायला काही गोष्टी जुळून याव्या लागतात, आणि कुठे त्या जुळल्या व कुठे जुळल्या नाहीत हे पाहण्यासारखे आहे.

आधी निवृत्तीच्या रीतीविषयी थोडेसे. या क्षेत्रातील आद्य दैवत म्हणजे इलिनॉय विद्यापीठाचा रेड ग्रेंज. १८ ऑक्टोबर १९२४ रोजी मिशिगनविरुद्धच्या सामन्यात त्याने पहिल्या बारा मिनिटांत चार टचडाउन केले, म्हणजे चार वेळा चेंडू गोलरेषेपलीकडे नेला, आणि त्याच्या पाठीवरचा ७७ हा आकडा देशभर गाजला. हा क्रमांक निवडला कसा, असे विचारल्यावर त्याने दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे: रांगेत त्याच्या पुढच्याला ७६ मिळाला, मागच्याला ७८, म्हणून त्याच्या वाट्याला ७७ आला. आकड्यात मुळात काही नसते, जे काही येते ते अंगात घालणाऱ्याकडून येते, याचा इतका रोखठोक दाखला दुसरा नसावा. इलिनॉयने तो क्रमांक निवृत्त केला, आणि पुढे डिक बटकसचा ५० हा क्रमांकही त्याच्या शेजारी नेऊन बसवला.

निवृत्तीसाठी नेहमी दीर्घ कारकीर्दच लागते असेही नाही. जॉर्जिया विद्यापीठाने थेरॉन सॅप याचा ४० क्रमांक निवृत्त केला, तो मुख्यतः एका टचडाउनसाठी. जॉर्जिया टेक या घरच्या वैऱ्याकडून जॉर्जियाने लागोपाठ आठ वर्षे हार खाल्ली होती. १९५७ साली सॅपने गोलरेषेच्या अगदी तोंडाशी, चौथ्या म्हणजे शेवटच्या प्रयत्नात चेंडू आत नेला आणि जॉर्जियाने तो सामना ७-० असा जिंकला. त्याच विद्यापीठात ज्यांचे क्रमांक निवृत्त आहेत, त्यांत हर्शेल वॉकरसारखा हाइझमन, म्हणजे वर्षातील सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पुरस्कार, जिंकणारा आहे, आणि त्याच पंक्तीत हा एका धावेचा धनी बसला आहे. मला यात काहीच वावगे वाटत नाही. आठ वर्षे शेजाऱ्याचे टोमणे ऐकलेल्या माणसांनी घेतलेला तो निर्णय आहे.

पण निवृत्तीची रीत हिशेबाच्या बाजूने लंगडी आहे. कॉलेजच्या संघात शंभराहून अधिक खेळाडू सहज असतात आणि वापरण्याजोगे क्रमांक जेमतेम शंभर. एकच क्रमांक दोघांना देता येतो, मात्र ते दोघे एकाच वेळी मैदानात उतरू शकत नाहीत. २०२० पासून एका क्रमांकाचे दोनच धनी असावेत असा नियम झाला आणि त्याच वेळी शून्य हा क्रमांकही वापरायला मोकळा करण्यात आला. शिवाय आक्रमणाच्या रांगेतील लाइनमनना ५० ते ७९ याच पट्ट्यातले क्रमांक घ्यावे लागतात. अशा तंग हिशेबात दर दहा वर्षांनी दोनचार आकडे भिंतीवर टांगत गेले, तर शंभर वर्षांनी मुलांना घालायला काय उरणार? अलाबामा आणि नोत्र दाम या दोन सर्वांत यशस्वी परंपरांनी एकही क्रमांक निवृत्त केलेला नाही, यामागे हा हिशेबही असावा. ज्यांच्याकडे थोरांची रांगच लागलेली आहे, त्यांना एकाला निवडून बाकीच्यांना डावलणे परवडत नाही.

आता दुसरी रीत. तिचे सर्वांत सुघड उदाहरण लुइझियाना स्टेट विद्यापीठाचे, म्हणजे एलएसयूचे आहे, आणि तिथला मानाचा क्रमांक आहे १८. ही परंपरा कोणी बैठक घेऊन सुरू केली नाही. मॅट मॉक हा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हलवणारा आणि पास टाकणारा खेळाडू, १८ क्रमांक घालत असे. तो आधी व्यावसायिक बेसबॉलच्या खालच्या पायरीवर काही वर्षे घालवून मग कॉलेजात आलेला, त्यामुळे सहकाऱ्यांपेक्षा वयाने मोठा, शांत आणि समजूतदार होता. त्याच्या नेतृत्वाखाली एलएसयूने २००३ च्या हंगामाचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. तो संघातून बाहेर पडल्यावर १८ क्रमांक जेकब हेस्टर या नव्या मुलाकडे आला. हेस्टर काही डोळे दिपवणारा धावपटू नव्हता. वेगाने त्याच्याहून सरस असलेले खेळाडू त्याच्याच संघात होते. पण तो पडेल ते काम करणारा होता: कधी दुसऱ्यासाठी वाट मोकळी करून देणे, कधी स्वतः चेंडू घेऊन गर्दीत घुसणे.

हा क्रमांक प्रतिष्ठेला कसा पोहोचला हे समजून घ्यायचे असेल, तर ६ ऑक्टोबर २००७ ची बॅटन रूजमधील रात्र पाहावी. समोर गतविजेता फ्लोरिडा होता. या खेळात दहा यार्ड पुढे जाण्यासाठी चार प्रयत्न मिळतात, आणि चौथा प्रयत्न फसला तर चेंडू तिथल्या तिथे प्रतिस्पर्ध्याच्या हाती जातो, म्हणून शहाणे प्रशिक्षक चौथ्या वेळी लाथेने चेंडू दूर धाडून देतात. एलएसयूने त्या रात्री पाच वेळा चौथ्या प्रयत्नाचा जुगार खेळला आणि पाचही वेळा तो साधला. शेवटच्या चालीत सगळ्यांना ठाऊक होते की चेंडू हेस्टरकडेच जाणार. फ्लोरिडाचे बचावपटू मध्यभागी दाटीवाटीने उभे होते, आणि तरीही हा मुलगा डोके खाली घालून, खांदा पुढे करून त्या भिंतीत शिरत होता, दोन यार्ड, तीन यार्ड, पुन्हा दोन यार्ड. सामना संपायला मिनिटभर उरले असताना त्याने गोलरेषा ओलांडली आणि एलएसयूने २८-२४ असा विजय मिळवला. त्या हंगामाचे राष्ट्रीय अजिंक्यपदही पुढे एलएसयूकडेच आले. चार वर्षांच्या अंतराने दोन अजिंक्यपदे, आणि दोन्ही वेळी संघाच्या कण्याशी १८ क्रमांकाचा माणूस. हेस्टर गेल्यानंतर हा क्रमांक सहजासहजी कोणालाही देणे मग बरे दिसले नसते.

तेव्हापासून दर वर्षी हंगाम सुरू होण्याआधी मैदानावर आणि मैदानाबाहेर निःस्वार्थ वृत्तीने वागणारा खेळाडू निवडून त्याला १८ क्रमांक दिला जातो. या मानकऱ्यांची यादी वाचताना जाणवते की त्यात एकाच जागेवर खेळणारे लोक नाहीत. टाइट एंड आहेत, लाइनबॅकर आहेत, मधल्या फळीत अंगमेहनतीचे काम करणारे बेनी लोगनसारखे डिफेन्सिव्ह टॅकल आहेत. ट्रेडेव्हियस व्हाइट या कॉर्नरबॅकने तर हा क्रमांक दोन हंगाम घातला. २०१९ साली लॉइड कुशनबेरी या सेंटरची, म्हणजे आक्रमणाच्या रांगेतील मधल्या लाइनमनची, निवड झाली तेव्हा नियमाची अडचण उभी राहिली, कारण सेंटरला १८ क्रमांक घालता येत नाही. मग तो आपल्या ७९ क्रमांकाच्या जर्सीवर १८ ची छोटी खूण लावून खेळला, तर प्रत्यक्ष १८ क्रमांक केलाव्हॉन शेसन या लाइनबॅकरच्या पाठीवर होता. त्या वर्षी एलएसयू एकही सामना न हरता अजिंक्य ठरला. ती छोटी खूण मला मोठ्या आकड्याइतकीच आवडते. ज्याच्या वाट्याला चेंडू घेऊन धावणे कधीच येत नाही, अशा रांगेतल्या माणसालाही या मानात जागा करून दिली गेली.

एलएसयूमध्ये दुसराही एक गाजलेला क्रमांक आहे, तो ७. पॅट्रिक पीटरसन, टायरन मॅथ्यू, लेनर्ड फोर्नेट, ग्रँट डेलपिट ही ७ क्रमांकाची मंडळी. हा क्रमांक संघातील सर्वांत चमकदार खेळाडूकडे जातो. दोन्ही क्रमांक एकाच संघात नांदतात आणि त्यांच्यातील फरक संघातल्या कोणत्याही मुलाला समजावून सांगावा लागत नसणार. सातकडे पाहून मुले एलएसयूमध्ये येत असतील. अठराचा मोह पडायला मात्र आधी तिथे काही काळ राहावे लागते. परदेशातल्या माझ्यासारख्या प्रेक्षकालाही हा भेद कळायला तीनचार हंगाम लागले, कारण सातची दृश्ये वारंवार दाखवली जातात आणि अठराची दृश्ये शोधून पाहावी लागतात.

खेळाडूंनी विद्यापीठ बदलणे आता फार सोपे झाले आहे, त्यामुळे असल्या परंपरा टिकतील का, अशी शंका वारंवार घेतली जाते. २०२३ साली १८ क्रमांक मेखाई विंगो याला मिळाला. तो एलएसयूचा मूळचा खेळाडू नव्हता, मिसूरी विद्यापीठातून बदलून आलेला होता. पुढच्याच वर्षी तो जॉश विल्यम्सकडे गेला, जो शिष्यवृत्तीशिवाय संघात दाखल झाला होता आणि वर्षानुवर्षे टिकून राहिला होता. एक बाहेरून आलेला, एक खालून वर आलेला. परंपरा टिकते ती अशी, रक्ताचे नाते न पाहता.

मिसिसिपी विद्यापीठाच्या, म्हणजे ओल मिसच्या ३८ क्रमांकाविषयी लिहिताना सूर बदलावा लागतो. २८ ऑक्टोबर १९८९ रोजी ऑक्सफर्ड येथील सामन्यात चकी मलिन्स या बचावपटूने व्हँडरबिल्टच्या ब्रॅड गेन्सला अडवण्यासाठी झेप घेतली. पास अडला, पण त्या धडकेत मलिन्सच्या मानेचे मणके चिरडले आणि मानेखालचे शरीर लुळे पडले. त्याच्या उपचारांसाठी राज्यातून आणि राज्याबाहेरून मोठा निधी उभा राहिला. तो परत विद्यापीठात शिकायलाही आला, परंतु ६ मे १९९१ रोजी त्याचे निधन झाले.

१९९० पासूनच, म्हणजे मलिन्स हयात असतानाच, त्याच्या नावाने धैर्याचा एक पुरस्कार सुरू झाला आणि तो मिळवणारा बचावपटू त्या हंगामात मलिन्सचा ३८ क्रमांक घालू लागला. पहिला मानकरी क्रिस मिचेल. त्याच वर्षी आर्कान्सासविरुद्धच्या सामन्यात अगदी शेवटच्या क्षणी आर्कान्सासचा खेळाडू गोलरेषेपर्यंत पोहोचला आणि त्याला तिथे आडवा आला तो ३८ क्रमांकाचा मिचेल. ओल मिसने तो सामना २१-१७ असा जिंकला. अशा योगायोगांना काही अर्थ असतो असे मी मानत नाही, पण एका परंपरेच्या पहिल्याच वर्षी असे काही घडले की ती पुढे तीस वर्षे पुरेल इतकी शिदोरी घेऊन निघते, हे नाकारता येत नाही.

इथे विद्यापीठाने दोन्ही रीती करून पाहिल्या. २००६ साली ३८ क्रमांक विधिवत निवृत्त करण्यात आला आणि पुरस्कार मिळवणाऱ्याने आपल्याच क्रमांकाच्या जर्सीवर मलिन्सच्या नावाची खूण लावावी असे ठरले. हेतू अर्थातच सन्मानाचा होता. परंतु काही वर्षांनी निर्णय फिरवला गेला आणि ३८ क्रमांक पुन्हा मैदानात आला. मला हे फिरणे अगदी समजण्यासारखे वाटते. आज तिथे खेळणारी मुले मलिन्सच्या मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनी जन्मलेली आहेत. भिंतीवरचा ३८ त्यांनी रोज पाहिला असता आणि रोज विसरलाही असता. पण त्यांच्यातल्याच एकाने तो अंगात घातला की त्याला वर्षभर प्रत्येक वार्ताहर विचारणार, हा क्रमांक कोणाचा? आणि उत्तर देण्यासाठी त्याला मलिन्सची गोष्ट माहीत करून घ्यावीच लागणार. मैदानाबाहेर याच विद्यापीठाने आर्ची मॅनिंगच्या १८ क्रमांकासाठी आवारातील वाहनांची वेगमर्यादा ताशी १८ मैल ठेवली आहे, हा प्रकार मला गमतीचा वाटतो. तिथे थोर क्वार्टरबॅकची आठवण मोटार हाकणाऱ्याच्या उजव्या पायाला करून दिली जाते.

जे ओल मिसला जमले ते मिशिगनला जमले नाही, आणि मिशिगनकडे साधनांची काही उणीव नव्हती. त्या विद्यापीठात १ हा क्रमांक अँथनी कार्टरपासून डेरिक अलेक्झांडर, डेव्हिड टेरेल आणि ब्रेलन एडवर्ड्स अशा रिसीव्हरांच्या, म्हणजे पास झेलणाऱ्या खेळाडूंच्या, हातून चालत आला होता. २००८ साली नवीन प्रशिक्षक रिच रॉड्रिगेझ आले आणि तो क्रमांक एका नवख्या बचावपटूला देण्यात आला. एडवर्ड्सने या क्रमांकाशी जोडलेली शिष्यवृत्ती स्वतःच्या पैशाने उभारली होती; त्याने जाहीर नाराजी व्यक्त केली आणि क्रमांक बदलावा लागला. चूक कोणाची म्हणायची? नव्या प्रशिक्षकाला कागदावर कुठेच न लिहिलेली गोष्ट कशी कळणार, आणि जुन्या खेळाडूला ती न कळणे अपमानाचे का वाटू नये?

त्यानंतर २०११ साली मिशिगनने सगळे कागदावर आणले. निवृत्त झालेले क्रमांक पुन्हा बाहेर काढायचे, त्यावर मूळ थोर खेळाडूच्या नावाची खूण लावायची आणि आजच्या पात्र खेळाडूला तो क्रमांक द्यायचा, अशी ती योजना. सुरुवात डेस्मंड हॉवर्डच्या २१ क्रमांकापासून झाली, जो कधी निवृत्त नव्हताच. मग निवृत्त क्रमांकांची पाळी आली: विस्टर्ट घराण्यातील तिघा भावांनी घातलेला ११, बेनी ऊस्टरबानचा ४७, पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेराल्ड फोर्ड यांचा ४८, रॉन क्रेमरचा ८७, आणि १९४० च्या हाइझमन विजेत्या टॉम हार्मनचा ९८. कल्पना चांगली होती, आणि मी तर तिचे मनापासून स्वागत केले असते. पण २०१३ साली डेव्हिन गार्डनर हा क्वार्टरबॅक आपला १२ क्रमांक सोडून एकदम ९८ घालून मैदानात उतरला, तेव्हा ते दृश्य डोळ्यांना खटकले. क्वार्टरबॅकच्या पाठीवर ९८ आजच्या काळात दिसत नाही. खेळाडू हंगामाच्या मध्येच क्रमांक बदलू लागले, प्रेक्षक गोंधळू लागले, आणि जिवंत माणसापेक्षा छातीवरची खूणच अधिक बोलू लागली. २०१५ साली हा कार्यक्रम गुंडाळला गेला आणि ते क्रमांक परत निवृत्त झाले.

मिशिगनचे कशात बिनसले, याचा मी बराच विचार केला आहे. एलएसयूमध्ये मॉककडून हेस्टरकडे क्रमांक गेला तेव्हा मूळ धनी कालपरवाचाच होता. ओल मिसमध्ये मलिन्स पहिल्या मानकऱ्याच्या वेळी हयात होता. मिशिगनमध्ये बहुतेक मूळ धनी फार पूर्वीचे होते, देणारे होते ते कार्यालय, आणि एकाच वेळी पाचसहा क्रमांकांचा मान वाटला जात होता. शिवाय मान कशासाठी, हे एका वाक्यात सांगता येत नव्हते. अठरा म्हणजे निःस्वार्थ वृत्ती, अडतीस म्हणजे धैर्य. सत्तेचाळीस म्हणजे काय? तो ऊस्टरबानचा होता, एवढेच.

तरीही कार्यालयातून निघालेली परंपरा फसतेच, असा निष्कर्ष काढण्याची घाई करता येत नाही, कारण मिशिगनच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याने, ओहायो स्टेटने, नेमके तेच करून दाखवले आहे. २०२० साली शून्य क्रमांक मोकळा होताच ओहायो स्टेटने तो बिल विलिस यांच्या नावाने राखून ठेवला. विलिस हे १९४२ च्या ओहायो स्टेटच्या पहिल्या राष्ट्रीय विजेत्या संघातील कृष्णवर्णीय लाइनमन होते. १९४६ साली क्लीव्हलँड ब्राउन्सकडून खेळताना त्यांनी व्यावसायिक फुटबॉलमधील वर्णभेदाची भिंत पाडण्यात वाटा उचलला, तेही बेसबॉलमधील तीच भिंत पाडणारा जॅकी रॉबिन्सन मेजर लीगमध्ये उतरण्याच्या एक वर्ष आधी. त्यांचा स्वतःचा ९९ हा क्रमांक विद्यापीठाने २००७ साली निवृत्त केलेला आहे. म्हणजे ओहायो स्टेटने एक हुशारी केली: विलिस यांचा आकडा भिंतीवरच ठेवला, आणि त्यांच्या गुणांसाठी कोणाचाही इतिहास नसलेला कोरा आकडा घेतला. शून्य हा आकडा ओहायोच्या इंग्रजी आद्याक्षरासारखा दिसतो, तेही सोयीचेच. पहिला मान जोनाथन कूपर या बचावपटूला मिळाला.

२०२२ साली हा शून्य कॅमरिन बॅब याच्या पाठीवर आला. बॅब २०१८ मध्ये नावाजलेला रिसीव्हर म्हणून दाखल झाला होता, आणि त्यानंतर त्याच्या गुडघ्याने त्याला वारंवार दगा दिला. गुडघ्याचा मुख्य अस्थिबंध तुटणे ही एकदा झाली तरी कारकीर्द संपवू शकणारी दुखापत आहे. त्याच्या वाट्याला ती चार वेळा आली. इतक्या वर्षांत त्याने एकही झेल घेतलेला नव्हता, तरी संघाने त्याला कर्णधारांमध्ये निवडले आणि शून्य क्रमांकही दिला. १२ नोव्हेंबर २०२२ रोजी इंडियानाविरुद्ध सामना केव्हाच हातात आला होता. चौथ्या सत्रात सी. जे. स्ट्राउडने आठ यार्डांवरून पास टाकला आणि बॅबने तो गोलक्षेत्रात झेलला. कॉलेजमधला त्याचा पहिला झेल, आणि तोच टचडाउन. तो गुडघे टेकून बसला आणि सहकारी त्याच्याभोवती गोळा झाले. गुणफलकाच्या दृष्टीने त्या सहा गुणांना कवडीची किंमत नव्हती. पण शून्य क्रमांक कशासाठी आहे, हे त्यानंतर ओहायो स्टेटला कोणत्याही पत्रकात लिहून सांगण्याची गरज उरली नाही. म्हणजे कार्यालयाने सुरुवात केली तरी चालते, फक्त मानकरी निवडताना आकडेवारीकडे पाठ फिरवण्याची हिंमत हवी.

याच जातीच्या इतर प्रथा मी धावतच सांगतो. टेक्सस ए अँड एममध्ये १२ क्रमांक शिष्यवृत्ती नसलेल्या खेळाडूला मिळतो, कारण २ जानेवारी १९२२ रोजी सेंटर कॉलेजविरुद्धच्या सामन्यात जखमींची संख्या वाढली तेव्हा ई. किंग गिल हा विद्यार्थी प्रेक्षकांतून खाली आला, गणवेश चढवला आणि गरज पडेल म्हणून कडेला उभा राहिला. गरज पडली नाही, पण उभे राहणे लक्षात राहिले. व्हर्जिनिया टेकमध्ये प्रशिक्षक फ्रँक बीमर निवृत्त झाल्यावर, २०१६ पासून, त्यांचा २५ क्रमांक आठवड्याआठवड्याला स्पेशल टीममधील, म्हणजे लाथेने चेंडू मारण्याच्या प्रसंगी उतरणाऱ्या तुकडीतील, वेगवेगळ्या खेळाडूला दिला जाऊ लागला. टेंपलमध्ये एकअंकी क्रमांक सर्वांत कणखर खेळाडूंना सहकाऱ्यांच्या मतांनी मिळतात. मॅट रूल या प्रशिक्षकांनी ती पद्धत पुढे नेब्रास्कातही नेली. नेब्रास्काला खरे तर याची गरज नव्हती, कारण तिथे १९६४ पासून सरावात पहिल्या फळीच्या बचावपटूंनाच काळे अंगरखे मिळतात, आणि त्यासाठी मुले जिवाचे रान करतात.

या सगळ्यात एक गोष्ट मला अस्वस्थ करते आणि ती टाळून पुढे जाणे बरोबर नाही. दुसऱ्याचा क्रमांक अंगावर घेणे हे ओझेही असते. युटा विद्यापीठाचा टाय जॉर्डन हा धावपटू २०२० च्या डिसेंबरमध्ये गेला. त्याचा शाळेपासूनचा मित्र आणि सहकारी आरन लो याने त्याच्या आठवणीसाठी आपला क्रमांक सोडून जॉर्डनचा २२ घेतला, आणि जॉर्डनच्या नावाची पहिली शिष्यवृत्तीही त्यालाच मिळाली. सप्टेंबर २०२१ मध्ये लोचा गोळीबारात मृत्यू झाला. पुढच्याच महिन्यात युटाने २२ क्रमांक निवृत्त केला. तिथे तो चालता ठेवावा असे कोण म्हणेल? दोन मित्रांच्या नावांनंतर तिसऱ्या मुलाला तो घालायला सांगणे म्हणजे त्याच्यावर अन्याय झाला असता. माझा कल चालत्या क्रमांकाकडे आहे खरा, पण तो कल युटाच्या दारात थांबतो.

सिरॅक्यूसच्या ४४ क्रमांकाबाबत मात्र तो थांबत नाही. जिम ब्राउन, त्याच्यामागून एर्नी डेव्हिस, त्याच्यामागून फ्लॉइड लिटल असे तीन थोर धावपटू दहाबारा वर्षांच्या आत एकाच क्रमांकात होऊन गेले. डेव्हिस हा १९६१ साली हाइझमन जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. १८ मे १९६३ रोजी, एकही व्यावसायिक सामना न खेळता, रक्ताच्या कर्करोगाने तो तेविसाव्या वर्षी गेला. त्याआधी त्याने लिटलची भेट घेऊन त्याला सिरॅक्यूसचे आवतण दिले होते, आणि डेव्हिस गेल्याचे कळल्यावर लिटलने तिकडे जायचे नक्की केले. हा मान एकाने दुसऱ्याच्या हातात प्रत्यक्ष ठेवला होता. विद्यापीठाचा टपाल क्रमांकही १३२४४ असा मागून घेतलेला आहे, इतका हा आकडा तिथे मुरलेला आहे. पुढेही काही जणांनी तो घातला. त्यांतल्या मायकल ओवेन्सने १९८७ साली वेस्ट व्हर्जिनियाविरुद्ध शेवटी, टचडाउननंतर मिळणाऱ्या जादा प्रयत्नात, दोन गुणांची धाव घेऊन अपराजित हंगाम वाचवला. नोव्हेंबर २००५ मध्ये ४४ क्रमांक निवृत्त झाला.

माझ्या हातात असते, तर मी ४४ पुन्हा चालता केला असता, पण धावपटूंसाठी नाही. ब्राउनशी तुलना होण्याच्या धास्तीने जो धावपटू गांगरेल, त्याला तो देऊ नये. जो नवा मुलगा कोणत्याही जागेवर खेळत असला तरी दुसऱ्या नव्या मुलाला धरून ठेवतो, घरी परत निघालेल्याला थांबवतो, त्याला सहकाऱ्यांच्या मतांनी तो एका वर्षासाठी द्यावा, आणि लाइनमन असेल तर त्याच्या जर्सीवर चव्वेचाळीसची छोटी खूण लावावी. डेव्हिसने लिटलसाठी केलेले काम धावण्याचे नव्हतेच.